फिनलंड आणि इंडोनेशियाची कागद-निर्यात: तुलनेसाठी २००५ आणि २०२२ ही वर्षे घ्यावीत का?

कुपवाडकर (प्रश्न)
कुपवाड एमआयडीसीत माझा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. सांगलीतील व्यावसायिकांच्या बैठकीत कागदाच्या जागतिक बाजारावर बोलायचे असल्याने, फिनलंड आणि इंडोनेशिया यांच्या कागद व पुठ्ठ्याच्या निर्यातीचा (सीमाशुल्क वर्गवारीतील प्रकरण ४८) २००५ ते २०२२ असा आलेख मी डॉलरमध्ये काढला आहे. फिनलंडमधील गिरण्या एकामागून एक बंद पडल्याचे वाचनात येते, परंतु आलेखात घसरण तेवढी तीव्र दिसत नाही. माझे कुठे चुकते आहे?

मिरजेचा वाणिज्य शिक्षक
कुपवाडकर साहेब, आपण निवडलेली दोन्ही टोके अडचणीची आहेत. मे-जून २००५ मध्ये मालक-कामगार वादामुळे फिनलंडमधील कागद गिरण्या कित्येक आठवडे बंद होत्या, त्यामुळे आपला आरंभबिंदूच मुळात खाली आहे. २०२२ मध्ये यूपीएम या फिनलंडच्या कागद कंपनीतील संप १ जानेवारीपासून ११२ दिवस चालला, म्हणजे वजन घटले, पण त्याच वर्षी कागदाचे भाव भडकले होते आणि डॉलरमधील आकडा फुगला. आरंभी २००४ ते २००७ आणि शेवटी अलीकडची तीन-चार वर्षे यांची सरासरी घ्यावी, आणि मूल्यासोबत टनही मांडावेत. मूल्याला टनांनी भागले की काय विकले जात आहे याचा अंदाज येतो.

सातारा रोड
वरील मुद्द्याला जोडून सांगतो, की 'कागद' हा एकच माल नाही. वृत्तपत्राचा कागद (४८०१), छपाई व लेखनाचा कागद (४८०२), क्राफ्ट म्हणजे पॅकिंगचा मजबूत कागद (४८०४) आणि लेपित कागद व बोर्ड (४८१०) हे वेगवेगळे काढा. वाचक पडद्याकडे वळला, तसा छपाईच्या कागदाचा गिऱ्हाईक गेला. काइपोला आणि वेइत्सिलुओतो येथील गिरण्या त्यातच बंद झाल्या, तर औलूच्या गिरणीत कागदाऐवजी क्राफ्टलायनर निघू लागला, म्हणजे तुमच्या-आमच्या बॉक्सचाच कच्चा माल. इंडोनेशियाचे बळ वेगळे आहे. तेथील अकेशिया आणि निलगिरी सहा-सात वर्षांत तोडणीला येते, तर फिनलंडच्या पाइनला अनेक दशके लागतात. शिवाय २०१० पासून लागू झालेल्या भारत-आसियान करारामुळे तेथील कागद आपल्याकडे सवलतीच्या शुल्काने येतो, हे बैठकीत अवश्य सांगा, कारण लोकांना त्यातच रस असेल.

आणखी एक. दोन्ही देश लगदाही मोठ्या प्रमाणावर विकतात आणि तो प्रकरण ४७ मध्ये मोडतो. २०१७ मध्ये फिनलंडच्या आनेकोस्की येथे लगद्याची प्रचंड गिरणी सुरू झाली, ती आपल्या आलेखात दिसणारच नाही.

कुपवाडकर
दोघांचेही आभार. सरासरी आणि टन दोन्ही घेऊन आलेख नव्याने काढतो, लगद्याची रेघ वेगळ्या रंगाने दाखवतो. एक शंका राहते: आमच्या बॉक्समधून तासगावचा बेदाणा परदेशी जातो, तो कागद आपल्या निर्यातीत धरला जातो का?

मिरजेचा वाणिज्य शिक्षक
नाही. त्या बॉक्सची नोंद बेदाण्याबरोबरच होते. रिकामे बॉक्स विकले असते, तरच ते ४८१९ मध्ये आले असते.