मदत हवी आहे: तीन वाचनालयांची एकत्र तालिका, पण मराठी शोध लागत नाही (कोहा)

शनिवारचा हमाल

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या तीन छोट्या सार्वजनिक वाचनालयांनी (सदाशिव पेठ, कोथरूड, कर्वेनगर) एकत्र तालिका (पुस्तकांची संगणकावरची यादी) करायचं ठरवलंय. पेठेतल्या सभासदाला कोथरूडच्या कपाटात काय आहे ते घरबसल्या कळावं, एवढाच हेतू. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा, कारण फुकट आहे आणि मार्क २१ या ठरलेल्या साच्यातल्या नोंदी इकडून तिकडे नेता येतात. राबणारे आम्ही काही स्वयंसेवक, सगळे आयटीतले. ग्रंथालयशास्त्र कुणाचंच झालेलं नाही.

गाडी अडलीय शोधावर. पुस्तक कपाटात आहे, नोंद संगणकात आहे, तरी उत्तर 'काही सापडलं नाही'. ग्रंथपालताई मात्र स्क्रीनकडे न बघता उठतात, पुस्तक आणून देतात आणि वर आमच्याकडे एक नजर टाकतात.

खणून पाहिलं तेव्हा कळलं ते असं. 'दुसऱ्या' हा शब्द एका वाचनालयात साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून टाइप झालाय, दुसरीकडे टिंबाच्या ऱ ने. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं' आणि 'गांव' छापलंय, शोधणारा 'काही' आणि 'गाव' लिहितो. ह्रस्व-दीर्घाबद्दल तर बोलायलाच नको. 'किल्ला' टाकलं तर 'किल्ल्यांच्या' येत नाही. लेखकांच्या नावांची जत्राच आहे: एका नोंदीत कुसुमाग्रज, दुसऱ्या नोंदीत वि. वा. शिरवाडकर, तिसऱ्यात 'शिरवाडकर वि.वा.', मध्ये जागाही न सोडता.

आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नोंदीच आजच्या शुद्धलेखनात सुधारून टाकू, दर शनिवारी थोड्या थोड्या. दुसरा (म्हणजे मी) म्हणतो, पुस्तकावर जे छापलंय ते बदलणारे आपण कोण? कुणी हे काम केलंय का? शिवाय तिन्हीकडचे दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आलं की मिळणारा अनुक्रमांक) १ पासूनच सुरू होतात, त्याचं काय करायचं?

जुनं कपाट

नोंदींना हात लावू नका. शीर्षकपृष्ठावर आहे तसं २४५ मध्ये (मार्कमधला शीर्षकाचा रकाना) राहू द्या, फार तर आजचं रूप २४६ मध्ये पर्यायी शीर्षक म्हणून घाला. दुरुस्ती इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी बनणाऱ्या शब्दसूचीत, करायची असते.

कोहाचं शोधाचं इंजिन झेब्रा असेल तर आधी सेटिंग बघा. मूळ कॅरॅक्टर मॅपच (अक्षरांचा साधा तक्ता) चालू असेल तर तो काढून आयसीयू (युनिकोडमधल्या लिप्या हाताळणारी प्रणाली) लावा. आयसीयूच्या फाइलमध्ये स्वतःचे नियम लिहिता येतात: अदृश्य जोडचिन्ह काढ, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) काढ, दीर्घाचं ह्रस्व कर. शोधणाऱ्याचा शब्दही त्याच गाळणीतून जातो, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. मग सगळ्या नोंदी नव्याने इंडेक्स करा, नाहीतर काहीच बदललेलं दिसणार नाही.

इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या इंजिनवर असाल तर त्यातला हिंदी नॉर्मलायझेशन फिल्टर (रूपं एकसारखी करणारी गाळणी) यातलं बरंचसं आयतं करतो. तयार भाषांच्या यादीत हिंदी-बंगाली आहेत, मराठी नाही. पण हिंदीचा स्टेमर उचलू नका, तो हिंदीचे प्रत्यय छाटतो, मराठीचं सामान्यरूप त्याच्या गावीही नसतं. तूर्त 'किल्ल*' असा अर्ध्या शब्दाचा शोध शिकवा.

दिन आणि दीन एक होतील, होऊ देत. चार पुस्तकं जास्त दिसलेली परवडतात, एक न दिसलेलं परवडत नाही. अनुस्वार मात्र सरसकट उडवू नका, चिंता आणि चिता एक होऊन बसेल. कांहीं, नांव, गांव अशा नेहमीच्या शब्दांची हाताने यादी करा. लेखकांसाठी ऑथॉरिटी नोंदी (एका लेखकाची सगळी नावं एकत्र बांधणारी नोंद) करा. एक रूप १०० मध्ये, बाकीची ४०० मध्ये. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला आडवाट नाही.

पेठेतला भाचा

तीन कोहा लावू नका. एकच लावा, तीन शाखा करा. एका पुस्तकाची नोंद एकच, प्रती तीन शाखांच्या. कोहाला बारकोड दोनदा चालत नाही, म्हणून दाखल क्रमांकाआधी शाखेचं अक्षर जोडा. अक्षर रोमनच घ्या, साध्या बारकोडात देवनागरी बसत नाही. पुस्तकावरचा जुना क्रमांक पुसू नका, दाखल नोंदवहीशी ताडायला तोच लागतो.

आणि हो, नियमांची फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवून बसू नका. कोहाच्या बगझिलावर (अडचणी नोंदवायची साइट) पॅच (दुरुस्तीचा तुकडा) म्हणून टाका. तिथे दुसरं कुणीतरी वापरून बघून साइन-ऑफ (संमती) देतं, मग क्यूए (दर्जाची तपासणी) होतं. वेळ लागतो. पण मराठीची अडचण मराठी वाचनालयांनी मांडली नाही तर मांडणार कोण?

शनिवारचा हमाल

दोघांचेही आभार. झेब्राच आहे आणि कॅरॅक्टर मॅपच चालू निघाला. नियम आधी चाचणी प्रतीवर लावतो. ताईंनी न सापडलेल्या शोधांची एक वही ठेवली आहे (आमच्या चुगल्याच म्हणा ना), तपासायला तीच घेतो. 'कांहीं-नांव-गांव' छाप शब्दांची यादी कुणाकडे तयार असेल तर कृपया इथे द्या.