चाफेकळी नाक आणि बारावीनंतरची सुट्टी

दुपारचा_चहा

घरात गेले पंधरा दिवस नाकावरून भांडण चालू आहे. अलंकारिक नव्हे, खरोखरच्या नाकावरून.

लेक ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण करेल. बारावी झाली, सीईटी झाली, आता कॉलेज सुरू व्हायच्या आत तिला नाकाचं ऑपरेशन करून हवंय. नाकाला झालेलं काही नाही. श्वास नीट येतो, हाड वाकडं नाही. माझ्या माहेरचं नाक आहे, बसकं आणि नाकपुड्या जरा रुंद. तिचं म्हणणं असं: "नव्या कॉलेजात माझं जुनं नाक कोणी पाहिलेलं नसेल. नंतर केलं तर सगळ्यांना कळेल. आत्ताच काय ती वेळ आहे." यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, हे कबूल करते.

शेवटी एका क्लिनिकमध्ये घेऊन गेले. वाटलं, डॉक्टरच "अजून लहान आहेस" म्हणतील. डॉक्टर दहा मिनिटं भेटले. त्यातली सहा मिनिटं संगणकावर तिचा फोटो घेऊन नाक इकडून दाब, तिकडून उचल. पोरगी त्या पडद्याकडे ज्या नजरेने बघत होती, ते मला बघवलं नाही. खर्च दीड लाखाच्या आसपास, जीएसटी वेगळा. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या 'काउन्सेलर' मुलीचे फोन सुरू: या महिन्यात बुकिंग केलं तर सूट, सुट्टीची गर्दी आहे, तारखा संपतायत. साड्यांच्या सेलसारखं.

माझं मत, थांबावं. अठरा पूर्ण झाले की सही तिची, मला विचारायचीही गरज नाही, हे ठाऊक आहे. तरी वीस-एकविशीपर्यंत थांब म्हणते. सोळाव्या वर्षी मला माझ्या उंचीची इतकी लाज वाटायची की वर्गाच्या फोटोत मी गुडघे वाकवून उभी राहिलेय. उंची कमी करायचं ऑपरेशन तेव्हा निघालं असतं तर रांगेत मी पहिली.

नवरा म्हणतो, पैसे आहेत तर करू दे. तुम्ही सांगा. कडक बोललात तरी चालेल.

ठाणेकरीण

थांबावं. प्रश्नच नाही. आणि त्या काउन्सेलरचा नंबर आधी ब्लॉक करा.

कोरडा_विनोद

कडक चालेल म्हणालात म्हणून.

आपल्याकडे बाराव्या दिवशी बाळाचे कान टोचतात, त्याला विचारतो का कोणी? तेराव्या वर्षी दातांना तारा लावतो, त्यासाठी चांगले दात उपटून जागा करतो, तेव्हा "वीस वर्षं पूर्ण होऊ दे, मग तुझं तू ठरव" असं म्हणतो का? नाही, कारण दात नीट असावेत हे आई-बापांना वाटतं. मुलीला स्वतःला काही वाटलं की लगेच ती अल्लड.

आणि नाकाचं आपल्या भाषेनेच काय करून ठेवलंय ते बघा. नाक असावं तर चाफेकळी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मुलगी बघायला आलेले 'नाकीडोळी नीटस' म्हणत उठतात. आपणच सतरा वर्षं हे ऐकवायचं आणि अठराव्याला म्हणायचं, बाळा, सौंदर्य आतून असतं. तिने हिशेब मांडलाय, आणि मला तो बरोबर वाटतो.

भूलवाला

नाशिकला भूलतज्ज्ञ आहे. अशा केसेसना भूल देतो, म्हणून दोन्ही बाजूंचं थोडं थोडं.

'किशोरवयात कॉस्मेटिक सर्जरी करावी का' हा प्रश्नच फार मोघम आहे. कान, नाक, छाती, चरबी, प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. सुपासारखे पुढे आलेले कान पाचव्या-सहाव्या वर्षी दुरुस्त करतात, कारण तोवर कानाची वाढ जवळजवळ झालेली असते आणि शाळेतली चिडवाचिडवी टळते. तिथे अठरापर्यंत थांबवण्यात काही शहाणपण नाही. नाकाची वाढ मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळाला आणि मुलांमध्ये सतरा-अठराला पुरी होते. त्याआधी नाकातल्या मधल्या पडद्याचं कूर्चा (मऊ, लवचिक हाड) काढलं तर पुढच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. शिवाय चौदा-पंधराव्या वर्षी नाक मोठं दिसतं, कारण ते आधी वाढतं आणि जबडा मागून येतो. कित्येकांचं नाक काही न करता 'लहान' होतं ते असं. तुमच्या मुलीचं ते वय गेलंय. म्हणजे शरीराच्या दृष्टीने तिला थांबवायला कारण नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण बसक्या नाकाचं ऑपरेशन म्हणजे नुसतं घासून बारीक करणं नव्हे. उंची आणायला कूर्चा लागतं, ते पडद्यातून, कानातून, कधी बरगडीतून काढतात. आठवडाभर नाकावर साचा. सूज पूर्ण उतरून खरं नाक दिसायला वर्ष जातं. म्हणजे जुलैत कॉलेजला जाईल ते नवं नाक नव्हे, सुजलेलं नाक. हे तुम्हाला त्या दहा मिनिटांत कोणी सांगितलं का?

दुपारचा_चहा

@भूलवाला, नाही. "आठवड्यात कामाला लागाल" एवढंच सांगितलं. आत्ता तिला वाचून दाखवलं. गप्प झाली, मग म्हणाली, "वर्ष लागणार असेल तर उलट लवकरच करायला हवं ना?" घ्या.

साताऱ्याचा_एक

हे कुठेच लिहिलेलं नाही, इथे खोट्या नावाने लिहितोय.

नववीत मला छाती आली. मुलींसारखी. डॉक्टर म्हणाले वयात येताना पुष्कळ मुलांना होतं, आपोआप जातं. बहुतेकांचं जातंही, दोन वर्षांत. माझं गेलं नाही. शर्टाच्या आत दोन बनियन घालायचो, मे महिन्यातसुद्धा. कबड्डी सोडली. गावाकडे विहिरीवर पोहायला जायचो तेही सोडलं. चुलतभावाने सगळ्यांसमोर एक नाव ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "व्यायाम कर, उतरंल." व्यायामाने चरबी उतरते, गाठ उतरत नाही.

तेविसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी घरी. डॉक्टर म्हणाले, सतरा-अठराला आला असतास तरी केलं असतं. मधली पाच वर्षं मला कोणी परत देणार आहे का? 'थांबावं' म्हणणाऱ्यांना थांबणं फुकट वाटतं. ते फुकट नसतं.

ठाणेकरीण

@साताऱ्याचा_एक, वाईट वाटलं वाचून. पण हा आजार झाला ना? नाकाशी तुलना नको.

कोरडा_विनोद

आजार आणि हौस यातली रेघ कोण मारणार? आयकर कचेरी?

रोजमेळ

आयकर नाही, जीएसटी. आणि त्यांनी खरंच मारलीय. उपचारांवर जीएसटी नाही, पण कॉस्मेटिक सर्जरीवर आहे. अपवाद म्हणजे जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात यामुळे बिघडलेलं पूर्ववत करायचं असेल तर. म्हणून धागाकर्तीच्या अंदाजपत्रकात 'जीएसटी वेगळा' आलं. क्लिनिकनेच लिहून दिलंय की ही हौस आहे. आरोग्यविम्याचंही तसंच, सौंदर्यासाठी केलेल्याचे पैसे मिळत नाहीत.

(पेशाने सीए. दुसरं काही सुचत नाही.)

यारा_काठी

मेलबर्नहून. इथे २०१६ पासून मेडिकल बोर्डाचा नियम आहे: अठराखालच्या कोणावर मोठी कॉस्मेटिक सर्जरी करायची तर संमतीनंतर निदान तीन महिने थांबायचं, आणि आधी मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट किंवा जीपीकडून (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून) तपासणी. इथल्याच क्वीन्सलँड राज्यात तर २००८ पासून अठराखाली बंदीच आहे, मुलाच्या हिताचंच आहे असं डॉक्टरला सकारण वाटलं तर गोष्ट वेगळी. इंग्लंडने ऑक्टोबर २०२१ पासून अठराखालच्यांना सौंदर्यासाठी बोटॉक्स आणि फिलर (सुरकुत्या घालवायची, ओठ-गाल भरायची इंजेक्शनं) देणं हाच गुन्हा केला. आणि उलटं टोक कोरियाचं. तिथे नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा झाली की हॉलतिकीट दाखवा आणि पापणीच्या ऑपरेशनवर सूट घ्या, अशा जाहिराती लागतात. तुमच्या 'बारावीनंतरची सुट्टी' पॅकेजची थोरली बहीण.

मला तीन महिन्यांचा नियम आवडतो, कारण तो 'नाही' म्हणत नाही. मुलीला उडवून लावत नाही आणि क्लिनिकला घाई करू देत नाही.

बखरकार

अवांतर, पण राहवत नाही. नाक दुरुस्तीत आपलं पुणं जगाच्या पुढे होतं. कावसजी नावाचा मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, नाक आणि एक हात गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळ एका वीटवाल्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं, आणि त्यावरून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसंच नाक केलं. कपाळाची ती कातडी आजही वापरतात.

ठाणेकरीण

कावसजीचं नाक कापलं होतं हो. हिचं शाबूत आहे.

बखरकार

म्हणून तर अवांतर म्हटलं.

भूलवाला

एक गोष्ट राहिली. काही मुलांना दिसण्यातला एखादा दोष, जो दुसऱ्याला धड दिसतही नाही, दिवसरात्र खात राहतो. तासन्‌तास आरसा, नाहीतर आरसाच नको, फोटो नको, घराबाहेर पडणं नको. याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. शंभरात दोनेक जणांना असतो आणि सुरुवात बहुतेकदा याच वयात होते. अशांचं ऑपरेशन कितीही सुबक होवो, समाधान होत नाही. नाक झालं की हनुवटी. त्यांना गरज मानसोपचारांची असते. म्हणून आधी ते तपासणं महत्त्वाचं, वय सतरा की एकवीस ते नंतर.

तुमच्या लेकीचं वर्णन वाचून मला तसं वाटत नाही. पण ते मी इथे बसून सांगायचं नसतं.

आणि मोबाइलच्या सेल्फीवरून कोणी नाक ठरवू नये. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा तीसेक टक्के रुंद दिसतं, असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित करून दाखवलं. कोणाला तरी पाच फुटांवरून फोटो काढायला सांगा.

गोधडी

इतका वेळ नुसती वाचत होते. एक विचारू, राग मानू नका. धाग्यात तुम्ही लिहिलंय, "माझ्या माहेरचं नाक." मुलीला ते नको आहे. तुमचा विरोध घाईला आहे, की तुमचं नाक नाकारलं जातंय याला? माझ्या मुलीने माझे कुरळे केस कायमचे सरळ करून घेतले तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. कारण विचारलं तर "केमिकल असतं त्यात" म्हणायचे.

दुपारचा_चहा

@गोधडी, हे रात्री वाचलं आणि लॅपटॉप मिटून झोपायला गेले. झोप लागली नाही.

खरं सांगते. ती जन्मली तेव्हा न्हाऊ घालणाऱ्या बाईला सासूबाईंनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, "नाक जरा ओढत जा, आईच्या वळणावर गेलंय." ती बाई रोज तेलाच्या बोटांनी चिमटीत धरून ओढायची आणि बाळ किंचाळायचं. मी बाळंतीण, पलंगावरून बघत होते. काही बोलले नाही. नंतर दर दिवाळीच्या फोटोला "सगळं बापाचं घेतलंस, नाक तेवढं..." हे वाक्य ठरलेलं. ते मलाच लागायचं, तिलाही लागत असेल हे डोक्यातच आलं नाही.

कोरडा_विनोद

म्हणजे पहिलं नाकाचं ऑपरेशन बाळंतिणीच्या खोलीत झालं, भूल न देता.

माझं मत तेच आहे, करू द्यावं. पण आता तुमच्यावर टीका करायची इच्छा राहिली नाही.

ठाणेकरीण

मी अजूनही 'थांबा'वरच. सासूचं बोलणं ऐकून नाक बदलायचं, हे तर अजिबातच नको. म्हणजे त्या जिंकल्या.

साताऱ्याचा_एक

@ठाणेकरीण, पण न बदलता रोज आरशात तेच वाक्य ऐकू येत असेल तर? मग कोण जिंकलं?

दुपारचा_चहा

आठवड्याने लिहितेय. तो क्लिनिकवाला विषय बंद. दुसऱ्या एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो, एमसीएच (सर्जरीतली वरची पदवी) झालेल्या. पाऊण तास बोलल्या, त्यातली वीस मिनिटं मला बाहेर बसवून. फोटो बदलून दाखवला नाही. म्हणाल्या, नाक करता येईल, घाई कसलीच नाही, आणि कॉलेजच्या तोंडावर तर नकोच. काही महिन्यांनी परत या, तेव्हाही हेच हवं असेल तर बोलू.

मेलबर्नचे तीन महिने घरी मांडले. लेकीने ताणून पुढच्या मे महिन्यापर्यंत नेले, म्हणजे सुजेचं वर्ष दुसऱ्या सुट्टीपासून मोजायचं. माझं एकवीस तिला मान्य नाही, तिचं जुलै मला मान्य नव्हतं. मी जिंकले असं समजू नका. तिने कॅलेंडरवर मे महिन्यात लाल गोल करून ठेवलाय आणि मला तो रोज दिसतो.

तिची एक अट आहे. तोवर घरात नाक या विषयावर कोणी एक अक्षर बोलायचं नाही. कौतुकाचंसुद्धा नाही. आजीनेही.

गोधडी

अट सर्वांत चांगली. आजींना कोणी सांगितलं?

दुपारचा_चहा

नवऱ्याने, जेवताना. त्या म्हणाल्या, "अगोबाई, मी कधी काय म्हटलं तिच्या नाकाला?"