'किती टापटीप आहे हो' हे कौतुक थांबवा

सावनी_ठाणे:
मला ३१व्या वर्षी बायपोलरचं निदान झालं, म्हणजे मूड कधी खूप चढतो, कधी पार खचतो, तो आजार. त्याआधी ६ वर्षं नुसत्या अँझायटीच्या गोळ्या चालू होत्या आणि घरी, ऑफिसात सगळे म्हणायचे परफेक्शनिस्ट आहे ना ती, टेन्शन घेणारच. एकदा रात्री ३ वाजता मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या धुतल्या, पुसल्या, लेबलं लिहिली, हिंगाच्या लेबलावर ह जरा तिरका आला म्हणून २२च्या २२ लेबलं परत लिहिली, झोप नाही तरी दमले नव्हते, सकाळी सासूबाई म्हणाल्या बघा किती हौस आहे पोरीला. त्यानंतर दीड महिना मी अंथरुणातून उठले नाही. एवढं कौतुक झालं नसतं तर डॉक्टरांच्या कानावर कुणीतरी हे आधी घातलं असतं.

मापात_चोख:
नाही पटलं. मी १८ वर्षं ब्लाऊज शिवते, मुंढ्यात पाव इंच चुकलं तर गिऱ्हाईक परत फिरकत नाही, आमच्याकडे परफेक्शनवर चूल पेटते. हल्ली माणूस जरा नीटनेटका दिसला की लगेच डिसऑर्डर! तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं ताई, पण दोष आजाराचा आहे, चोख कामाचा नाही.

सावनी_ठाणे:
ताई, चुकलेली बाही तुम्ही उसवता, परत शिवता आणि संध्याकाळी देऊन टाकता ना? मी देतच नव्हते. ४ ओळींच्या मेलला ३ तास, छातीत धडधड, आणि शेवटी तो पाठवायचाच नाही.

सिस्टर_कोल्हापूर:
मी मनोविकार वॉर्डात नर्स आहे म्हणून लिहिते. परफेक्शनिझममुळे बायपोलर होतो असं कृपया कुणी समजू नका, त्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. पण ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे ३ प्रकार मांडले, स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि लोकांना माझ्याकडून सगळं अचूकच हवंय असं वाटत राहणं. हा तिसरा चिंता आणि डिप्रेशनशी जास्त जोडलेला दिसतो. बायपोलर असलेल्या बऱ्याच जणांना अँझायटीही असते, आणि पेशंट येतो तो खचल्यावर, चढाच्या दिवसांत त्याला छानच वाटत असतं, मग ते दिवस सांगायचे राहून जातात. नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी काहींना मेनिया, म्हणजे तोच चढ अति तीव्र, होऊ शकतो, म्हणून झोप कमी होती तरी थकवा नव्हता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

मापात_चोख:
गोळ्यांचं माहीत नव्हतं, चांगलं झालं सांगितलंत. तरी माझं मत अर्धंच बदललंय. हाताखालच्या मुलीला नीट कर म्हणायचंच नाही का? मग धंदा कसा करायचा?

सावनी_ठाणे:
म्हणा की. पण ती जेवायला न उठता तीच शिवण चौथ्यांदा उसवत बसली तर किती मन लावून करते असं म्हणू नका, रात्री झोपली होतीस का ते विचारा. मी आता लिथियम या बायपोलरच्या औषधावर आहे, रक्ततपासणीला गेले की डॉक्टर पहिलं झोपेचंच विचारतात. त्या ६ वर्षांत मला ते घरात एकदाही कुणी विचारलं नव्हतं.