मदत हवी आहे: मेडिकलच्या मुलीला 'नाही' म्हणायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, पण घरातलाच आहे.

आम्ही टेनेसीत राहतो. खाली बेसमेंटमध्ये एक मुलगी भाड्याने राहते. मिसिसिपीची, ब्लॅक, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात तिच्यासारखी जेमतेम सहा जणं. पहिल्या वर्षी पांढरा कोट घालायचा समारंभ झाला, तेव्हा आजीच्या चर्चमधली माणसं व्हॅन करून आली होती. आजीने त्या कोटाची कॉलर तीनदा सारखी केली.

आता पोरीचा आठवडा बघा. मंगळवारी शाळकरी मुलांची शिकवणी. शनिवारी न्हाव्याच्या दुकानात रक्तदाब तपासणी. (थट्टेवारी नेऊ नका. लॉस एंजेलिसमधल्या अशा दुकानांत फार्मासिस्ट औषधं देऊ लागले, तेव्हा गिऱ्हाइकांचा वरचा रक्तदाब सरासरी २७ ने उतरला. नुसता सल्ला दिला तिथे ९ ने. २०१८ चा अभ्यास आहे.) शिवाय एसएनएमए या ब्लॅक विद्यार्थ्यांच्या संघटनेचं काम, कॉलेजच्या दोन समित्या, आणि माहितीपत्रकाच्या फोटोला तर हमखास हिलाच बोलावणं! अल्पसंख्याक म्हणून अंगावर पडणाऱ्या अशा जादा कामाला इकडे 'मायनॉरिटी टॅक्स' म्हणतात. मार्चमध्ये स्टेप वन, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याची पहिली परीक्षा आहे. २०२२ पासून तिला मार्क नसतात, नुसतं पास-नापास. पण नापास झालं तर तो डाग रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या, अर्जात दिसतोच.

मी म्हटलं, दोन कामं सोड बाई. तर भांडी पुसता पुसता तिने मलाच ऐकवलं. १९१० साली अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करणारा फ्लेक्सनरचा अहवाल आला, तेव्हा ब्लॅक लोकांची सात मेडिकल कॉलेजं होती. त्याने दोनच ठेवण्याजोगी ठरवली, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. उरलेली पाच १९२३ पर्यंत बंद. त्याच दोन कॉलेजांतल्या मुलांनी १९६४ मध्ये एसएनएमए काढली. "त्या पाचांतून जे डॉक्टर झालेच नाहीत, त्यांच्या पाळ्या कोण करणार?" मी गप्प.

मग मी आनंदीबाई काढली. ती १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजातून डॉक्टर झाली, तिथूनच १८६७ मध्ये रिबेका कोल बाहेर पडली होती, अमेरिकेतली दुसरी ब्लॅक स्त्री डॉक्टर. गोष्ट तिला फार आवडली. कामं एकानेही कमी झाली नाहीत.

तुम्हा मंडळींत गावातले, वस्तीतले पहिले डॉक्टर बरेच आहेत. सुट्टीत घरी गेलं की ओट्यावर रिपोर्ट घेऊन माणसं बसलेली, हे तुम्ही भोगलंय. परीक्षेच्या दिवसांत त्यांना काय सांगायचात? आणि अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांना विचारते, समितीचं काम क्रेडिटमध्ये धरून मागता येतं का? डीनकडे तोंडी बोलावं की लेखी?

"आधी स्वतःचं बघ" हे सांगून झालंय, उपयोग शून्य. समुपदेशकाकडेही जाऊन आली. आणि न्हाव्याचं दुकान सुटणार नाही असं तिने आधीच बजावलंय, तेव्हा ते वगळून बोला.