बाल्थाझार नॉयमान: तोफा ओतणारा कारागीर वास्तुविशारद कसा झाला?

प्रश्न (जळगाव): वास्तुकलेचे औपचारिक शिक्षण नसताना नॉयमान यांच्याकडे जर्मनीतील व्युर्त्सबुर्गच्या राजवाड्याचे काम कसे आले, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

उत्तर (धुळे): 1687 मध्ये बोहेमियातील एगर (आजचे चेक प्रजासत्ताकातील चेब) येथे जन्मलेले नॉयमान 1711 मध्ये तोफा आणि घंटा ओतणारे कारागीर म्हणून व्युर्त्सबुर्गला आले, तेथे भूमिती व तटबंदीची विद्या शिकले आणि लष्करी अभियंता झाले. 1720 मध्ये राजवाड्याची पायाभरणी झाली. 1723 मध्ये आराखड्यांवर चर्चा करण्यासाठी त्यांना पॅरिसला पाठवले गेले. अर्थात या वास्तूला व्हिएन्नाचे वास्तुविशारद हिल्डेब्रांट यांचाही हात लागला आहे, हे विसरू नये.

उत्तर (भुसावळ): माझ्या मते नॉयमान यांची खरी थोरवी राजवाड्याच्या जिन्यावरील घुमटाकार छतात आहे. आपल्या खानदेशातील धाब्याच्या घरात प्रत्येक खणाला लाकडी खांब लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला सुमारे 18 मीटर रुंदीचे दगडी छत मध्ये एकही खांब न घेता उभे राहते याचे मोल चटकन कळेल. त्यासाठी वजनाने हलका, सच्छिद्र दगड वापरला होता. मार्च 1945 च्या बॉम्बवर्षावात राजवाड्याचा बराच भाग जळाला, पण हे छत टिकले.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. त्या छतावर इटालियन चित्रकार तिएपोलो यांनी नॉयमान यांना तोफेजवळ बसलेले रंगवले आहे, त्याचा अर्थ आता उमगला.