नॅरोगेज गेली आणि कुर्डुवाडी मागे पडली, पटतं का?

वाडीकर: मूळ गाव कुर्डू, आपण त्याची वाडी. मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला, म्हणून आपल्या स्टेशनचं जुनं नाव 'बार्शी रोड'. इंग्रज इंजिनिअर कॅलथ्रॉपसाहेबाने १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी अरुंद रूळ टाकले; हीच ती नॅरोगेज, 'बार्शी लाइट' रेल्वे. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. वर्कशॉप आलं, चाळी झाल्या, गाव वसलं. तालुका माढा, पण नगरपरिषद आधी आपल्याकडे. रूळ रुंद झाले आणि इथे उतरायचं कुणाला कारणच उरलं नाही. हे नुकसान कुणी बोलत नाही.

लातूरची लेक: दादा, तुमचा बाजार आमच्या खोळंब्यावर चालायचा. मुंबईला निघालो की रात्री कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलायची. आईच्या कडेवर धाकटा, डोक्यावर वळकटी, माझ्या हातात पाण्याची सुरई. ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांच्या गाडीत जागा मिळेल की नाही, ही धास्ती. आता लातूरला बसतो, थेट मुंबईला उतरतो. ते दिवस परत नकोत.

बार्शीचा आडत्या: ताईंशी सहमत. आमचं एकेक पोतं छोट्या वाघिणीतून (मालडब्यातून) काढून मोठीत भरावं लागे. हमाली दुप्पट, वर गळती वेगळी.

रेल्वे चाळ: काका, ती हमाली माझ्या आजोबांची होती. त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता, लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो. त्या पैशावर वडील शिकले आणि वर्कशॉपात फिटर झाले. आषाढीला टपावरसुद्धा वारकरी बसलेले असायचे, तेव्हा ह्या गावाने रात्र रात्र जागून चहा-पाणी पुरवलंय. नुसता 'खोळंबा' म्हणू नका.

वाडीकर: ताई, गेज बदलायला माझा विरोध नव्हता. दुखतं ते वेगळंच. १९५४ ला सरकारने बार्शी लाइट घेतली, तेव्हा सगळं काम जाणणारी माणसं इथे होती. माथेरानच्या गाडीची दुरुस्तीही ह्याच वर्कशॉपने केली. आणि डब्यांचा नवा कारखाना गेला लातूरला!

लातूरची लेक: तो आम्हाला हवाच होता, मराठवाड्याच्या वाट्याला आजवर आलंय तरी काय? पण वर्कशॉपला काम मागणारं निवेदन काढणार असाल तर सांगा, मी सही करते. गाड्या जास्त वेळ थांबवा असं त्यात लिहिलंत, तर नाही करणार.