सर-मॅडमना मेल करताना: आपापलं सांगा

कॉलेजं सुरू झाली की दोन्ही बाजूंची तक्रार ठरलेली. विद्यार्थी म्हणतात, "सर मेलला उत्तरच देत नाहीत." शिक्षक म्हणतात, "मेल कुणाचा आणि कशाबद्दल, तेच कळत नाही." तीन डिव्हिजनना शिकवणाऱ्या शिक्षकाकडे दोनशेच्या आसपास मुलं असतात. दोन लेक्चरांच्या मधल्या दहा मिनिटांत, हातातल्या फोनवर, कुठलंही रजिस्टर न उघडता उत्तर देता येईल असा मेल लिहायला हवा. तो कसा लिहायचा आणि कुठे अडतं, हे जाणकारांनी सांगावं. स्वतःच्या गोष्टींपेक्षा हाताशी धरून वापरता येईल असं लिहा.

अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारी

विषयाची ओळ रिकामी किंवा नुसती "रिक्वेस्ट" अशी असली की मेल तिथेच मागे पडतो. फोनच्या पडद्यावर त्या ओळीचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात. म्हणून वर्ग आणि विषय आधी, काम नंतर. एक नमुना देते (टीई म्हणजे अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष, डीबीएमएस हा डेटाबेसचा विषय).

विषय: टीई-बी, डीबीएमएस प्रॅक्टिकल ४, बुडालेलं प्रॅक्टिकल

"नमस्कार मॅडम. मी टीई-बी, बॅच बी२, रोल नंबर ३७. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेमुळे १२ तारखेच्या प्रॅक्टिकलला नव्हतो. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जोडलं आहे. बुधवारी दुपारी २ ते ४ या वेळेत बी३ बॅचबरोबर ते प्रॅक्टिकल केलं तर चालेल का?" खाली पूर्ण नाव आणि पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक.

यात मुलाने पर्याय स्वतः शोधून दिला आहे, त्यामुळे मॅडमना फक्त "चालेल" एवढंच लिहायचं उरतं. "मी काय करू?" असं विचारलं तर त्यांना आधी वेळापत्रक काढून बसावं लागतं आणि उत्तर उद्यावर जातं.

रोल नंबर दर वर्षी बदलतो, पीआरएन बदलत नाही. हजेरी आणि टर्मवर्कसाठी रोल नंबर लागतो, परीक्षा विभागाच्या कामाला पीआरएन. दोन्ही लिहावेत. एटीकेटीचा, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय असेल तर तो कोणत्या पॅटर्नचा हेही लिहा. अभ्यासक्रम बदलला की जुन्या-नव्या विषयांची नावं सारखी असतात आणि कोड वेगळे, आणि नेमका तिथेच घोळ होतो.

उत्तर नाही आलं तर तीन कामाचे दिवस थांबून त्याच मेलवर रिप्लाय करावा, नवा मेल नको. विषयाची ओळ बदलली की जीमेलमध्ये वेगळी साखळी सुरू होते आणि आधीचा संदर्भ तुटतो. कॅपमध्ये, म्हणजे पेपर तपासणीच्या केंद्रावर, किंवा एक्सटर्नल म्हणून ओरल घ्यायला शिक्षक बाहेर असतील तर आठवडाही लागतो. ते दिवस विभागाच्या फलकावरून कळतात, तेवढं पाहून मेल करावा.

पदव्युत्तर मराठी विभागातून

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ फॉन्टमध्ये जातो. आयएसएम किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल गाइडच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा सडा दिसतो. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, तो फॉन्ट नसलेल्या संगणकाला मूळची इंग्रजी अक्षरंच दिसणार. "पीडीएफ केली, आता ठीक" असं मुलांना वाटतं. फॉन्ट आत बसवलेला असेल तर पीडीएफ दिसते नीट, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तो मजकूर मराठी म्हणून वाचूच शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या सुरू होतात. आता असा अहवाल न वाचलेल्या मजकुराचा निघाला तर तो शून्य टक्के दाखवतो आणि प्रबंध परत येतो.

म्हणून पहिल्या प्रकरणापासून युनिकोड. जुना मजकूर असेल तर कन्व्हर्टरमधून काढून एकदा डोळ्यांखालून घालाच. जोडाक्षरं, रफार आणि "ऱ्या"सारखी अक्षरं हमखास बिघडतात.

मायन्याबद्दलही लिहितो. विभागातल्या शिक्षकांना "नमस्कार सर" किंवा "सप्रेम नमस्कार" पुरतं. प्राचार्यांना अर्ज असेल तर "मा. प्राचार्य यांस", विषय, संदर्भ आणि "आपला विश्वासू" हा पत्राचा साचा मेलमध्येही पाळावा, कारण तो मेल छापून फाइलला लागतो. रोमन लिपीतली मराठी टाळावी. "mala" असं लिहिलेलं माळा की मला, हे थांबून वाचावं लागतं.

कॉलेजच्या संगणक विभागात काम करतो

फाइल पोहोचली पण उघडली नाही, अशा तक्रारी आमच्याकडे येतात. कारणं मोजकीच असतात.

जीमेलची मर्यादा २५ एमबी. मेलमधून जाताना फाइलचं सांकेतिक रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून १८ एमबीच्या वरची फाइल अडकू शकते. कॉलेजचा स्वतःचा सर्व्हर असेल तर मर्यादा याहून कमीही असते. स्कॅन केलेलं जर्नल ४० एमबीचं होतं ते रंगीत आणि जास्त रिझोल्यूशनने काढल्यामुळे. काळं-पांढरं, २०० डीपीआय ठेवलं की अक्षर नीट वाचता येतं आणि फाइल कितीतरी लहान होते.

गुगल ड्राइव्हची लिंक पाठवली की ती मुळात बंदच असते. शिक्षकाला "अॅक्सेस मागा" असं दिसतं, ते विनंती पाठवतात, ती विनंती तुमच्या न पाहिलेल्या मेलमध्ये पडून राहते आणि मुदत जाते. शिवाय कॉलेजच्या खात्यातून दिलेली परवानगी बऱ्याचदा कॉलेजच्याच खात्यांपुरती असते. बाहेरचे परीक्षक वैयक्तिक जीमेलवरून उघडायला जातात आणि अडतात. पाठवण्याआधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत लिंक उघडून पाहा. तिथे उघडली तर कुणालाही उघडेल. परवानगी "व्ह्यूअर"ची द्या, गाइडना "कमेंटर"ची.

आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारचे असतात, जुन्या विंडोजवर ते उघडत नाहीत. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये "मोस्ट कम्पॅटिबल" निवडलं की पुढचे फोटो जेपीजी निघतात. आणि रिप्लाय केल्यावर मूळ मेलची जोडपत्रं सोबत जात नाहीत, फॉरवर्डमध्ये जातात. आठवण करताना फाइल पुन्हा जोडा.

जीमेलच्या सेटिंगमध्ये "अनडू सेंड" ५ सेकंदांवर असतं, ते ३० करून ठेवा. जोडपत्र विसरल्याचं बहुधा त्या अर्ध्या मिनिटातच लक्षात येतं.

वरच्यांना जोडून, गुगल क्लासरूमबद्दल

फाइल जोडली म्हणजे असाइनमेंट जमा झाली असं नाही, "टर्न इन" दाबावं लागतं. जमा केलेलं परत घेऊन दुरुस्त केलं आणि तोवर मुदत टळली, तर उशिरा जमा अशी नोंद होते. दुरुस्ती दोन शब्दांची असेल तर परत न घेता प्रायव्हेट कमेंट लिहिणं बरं. ती त्या वर्गाच्या सगळ्या शिक्षकांना दिसते, मुलांना दिसत नाही. गुणांची विचारणा मात्र क्लास कमेंटमध्ये कधीच करू नका. ती अख्ख्या वर्गापुढे जाते.

शिफारसपत्रं देणारा प्राध्यापक

ऑक्टोबर ते डिसेंबर हा या मेलांचा हंगाम. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत १ किंवा १५ डिसेंबर असते, तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस तरी विचारलं पाहिजे.

आधी विचारा, होकार आला की मगच पोर्टलवर नाव भरा. काही पोर्टलं नाव जतन करताच शिक्षकाला मेल पाठवतात, आणि न विचारता आलेला तो मेल वाईट वाटतो. पत्ता संस्थेचा द्या. वैयक्तिक जीमेल दिला तर विद्यापीठ पडताळणी मागू शकतं. पोर्टलचे मेल स्पॅममध्ये जातात, म्हणून "आज या विद्यापीठाचा मेल येईल" असं वेगळं कळवावं.

होकार आल्यावर एकाच मेलमध्ये सगळं द्या: गुणपत्रिका, रेझ्युमे, उद्दिष्टनिवेदनाचा मसुदा आणि विद्यापीठांचा एक तक्ता. तक्त्यात अभ्यासक्रम आणि मुदत भारतीय वेळेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची हिवाळ्यातली रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, तिकडे ०३/०४ म्हणजे ४ मार्च.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माझ्याकडे तुम्ही काय केलं, त्याचे पाच-सहा मुद्दे. कोणता विषय, कोणत्या सत्रात, प्रकल्पात तुमचा भाग कोणता, कुठे अडलात आणि ते कसं सोडवलं. "मेहनती व प्रामाणिक" एवढ्यावर कुणाचंच पत्र उभं राहत नाही. दोनशे मुलांतला एक तपशील शिक्षकाला आठवून द्यावा लागतो, आणि त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पोर्टल विचारतं, पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेतल्या १९७४च्या फर्पा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. बहुतेक मुलं तो सोडतात, कारण गोपनीय पत्राला वजन जास्त.

जर्मनीत शिकणारी

आपलं "रिस्पेक्टेड सर" इथे चालत नाही. पहिल्या मेलमध्ये "झेअर गेएर्टे फ्राउ प्रोफेसर" आणि पुढे आडनाव, पुरुष असतील तर "झेअर गेएर्टर हेर प्रोफेसर". इंग्रजीत लिहिलं तर "डिअर प्रोफेसर" आणि आडनाव. खाली मात्रिकेलनुमर, म्हणजे आपल्या पीआरएनसारखा विद्यार्थी क्रमांक. लांबलचक प्रश्न मेलवर सोडवत बसत नाहीत, श्प्रेखश्टुंडे या भेटीच्या ठरलेल्या तासाला बोलावतात. मेलमध्ये तेवढी वेळच मागावी.

व्हॉट्सअॅपचं काय?

सूचनेपुरतं चांगलं, अर्जासाठी नाही. ग्रुप "फक्त अॅडमिन लिहू शकतात" असा ठेवला की सूचना "ओके सर"च्या पन्नास उत्तरांखाली गाडली जात नाही. फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षर पुसट होतं. हजेरी, गुण, मुदतवाढ यांचं जे काही तोंडी किंवा व्हॉट्सअॅपवर ठरलं, ते त्याच दिवशी मेलवर दोन ओळींत लिहून ठेवा: "आज बोलल्याप्रमाणे सिनॉप्सिस सोमवार, ५ वाजेपर्यंत देतो." डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागते तेव्हा हाच मेल दाखवता येतो.

संगणक विभागातून पुन्हा, पास होणाऱ्यांसाठी

गुगलने २०२२ पासून शिक्षणसंस्थांच्या मोफत योजनेत सगळ्या संस्थेला मिळून १०० टीबी जागा ठेवली आहे. त्यामुळे पास झालेल्यांची खाती आता बंद होतात. शेवटच्या सत्रातच गुगल टेकआउटने मेल आणि ड्राइव्ह उतरवून घ्या. गाइडबरोबरच्या साखळ्या त्यातच असतात. आणि परदेशी विद्यापीठांची पोर्टलं, नोकरीची संकेतस्थळं, जिथे जिथे कॉलेजचा पत्ता दिला आहे तिथे तो आधी बदला. पत्ता बदलण्याचा ओटीपी जुन्याच मेलवर येतो, आणि खातं बंद झाल्यावर तो बघायला आत जाता येत नाही.